छातीची जखम आणि आपली दक्षता

आम्ही वैद्य नव्हेत, शिक्षक आहोत. तरी धार-देवासची माणसे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इंदूरला जातात, म्हणून हे लिहितो. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने जोडतात. त्याचा रक्तपुरवठा घटला, तर शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. यास्तव जेंटामायसिनयुक्त कोलॅजनचा स्पंज हाडाच्या दोन भागांमध्ये ठेवून पाहिला. स्वीडनमध्ये सुमारे २,००० रोग्यांत संसर्ग शेकडा ९ वरून ४.३ वर आला (२००५). अमेरिकेत १,५०२ रोग्यांत मात्र फरक पडला नाही (२०१०). तेव्हा केवळ अशा औषधावर विसंबू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच विडी-सिगारेट सोडावी, रक्तातील साखर ताब्यात ठेवावी. घरी परतल्यावर ताप, पू वा हाडात कटकट जाणवल्यास खर्चाच्या धास्तीने वडीलधाऱ्यांनी ते लपवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.