रानातला सुरा घडवून घेताना

पैनगंगेच्या या तीरावर हदगाव आणि त्या तीरावर उमरखेड. एके काळी इकडे निजामाचा अंमल आणि तिकडे वऱ्हाड, अशा या सरहद्दीवरच्या काळ्या मातीत ज्यांची हयात गेली, त्यांच्या हाताशी विळा, कोयता किंवा सुरा यांपैकी काही ना काही सदैव असतेच. हळदीचा पाला कापणे, केळीचा घड उतरवणे, कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या छाटणे, दोरखंड तोडणे ही कामे दिवसभर चालतात. आणि जी वस्तू दिवसभर हातात वागवायची ती देखणी असावी, ही आकांक्षा मला कधीही पोकळ हौस वाटली नाही, आजही वाटत नाही. प्रश्न एवढाच, की ते सौंदर्य सुऱ्याच्या कोणत्या भागावर आणि कशाच्या मोबदल्यात घ्यावयाचे. आणि त्याचे उत्तर मला एका मोडलेल्या सुऱ्याने दिले, म्हणून ते येथे तपशिलाने नमूद करीत आहे.

नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या परिसरातील दुकानांत मांडलेल्या कृपाणी पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. कृपाण हे श्रद्धेचे चिन्ह आहे आणि तिच्यावरील अलंकरण त्या श्रद्धेला शोभते. परंतु तसलाच थाट रानातल्या सुऱ्याला असावा, या इराद्याने मी दूरच्या एका शहरातील कारागिराकडून सुरा खास बनवून घेतला. चकचकीत घोटलेले पाते, मुठीलगत खोल कोरलेली वेलबुट्टी, दोन्ही टोके निमुळती केलेली आडवी पितळी पट्टी, आणि बोटांसाठी खाचा पाडून रोगणाने उजळलेली मूठ, असा त्याचा साज होता. पहिल्याच पावसाळ्यात बाभळीच्या गाठीत अडकलेला हा सुरा सोडवण्यासाठी जरा पिरगळला, तोच तो वेलबुट्टीच्या मुळाशी मोडला, आणि पाते माझ्या गुडघ्याला चाटून चिखलात जाऊन पडले.

तो तुकडा उन्हात धरून पाहिला तेव्हा सारा उलगडा झाला. मोडलेला छेद जाड साखरेसारखा रवाळ आणि चकाकणारा होता. पोलाद भट्टीत फाजील तापले म्हणजे त्याचे कण वाढतात आणि ते ठिसूळ होते. योग्य आचेवर पाणी दिलेल्या पोलादाचा छेद करडा, बारीक आणि निस्तेज दिसतो. शिवाय पाते जेथे मुठीत शिरत होते तेथे ते एकाएकी अरुंद केलेले असून कोपरा तीक्ष्ण काटकोनी होता, आणि नेमकी तेथेच छिन्नीची सर्वांत खोल रेघ होती. सुरा पिरगळला की सगळा ताण याच सांध्यावर एकवटतो, आणि तडा पडतो तो अशाच कोपऱ्यातून नाही तर रेघेतून. म्हणून सांध्याचा कोपरा गोलसर घासलेला असावा, मुठीतले लोखंड शक्यतो मुठीच्या लांबीइतके व पुरेसे रुंद असावे, आणि त्या जागेवर कोणतीही कोरणी करू देऊ नये, हे माझे पहिले निक्षून सांगणे आहे.

मुठीच्या बाबतीतही तेच. बोटांच्या खाचा दुकानात हाताला गोड लागतात. पण सुरा कधी उलटा, कधी चिमटीत, कधी ओढता धरावा लागतो, आणि खाचा एकाच पकडीला मुभा देतात. मूठ अंडाकृती छेदाची असावी, म्हणजे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे हे तळव्याला कळते. रोगण घामाने निसरडे होते. शिसवाच्या किंवा बाभळीच्या गाभ्याच्या लाकडाला जवसाचे तेल मुरवले, तर पकडही राहते आणि लाकडाचे रेषाकाम दिवसेंदिवस खुलत जाते.

आता पात्यावरील नक्षीविषयी. आमच्या आग्नेयेस, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील मुशीत वितळवलेल्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येत असत. लॅम्ब्टन यांच्या भूसर्वेक्षणातील डॉक्टर व्हॉयसी यांनी लिहिलेले या उद्योगाचे वर्णन 1832 मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाले. अशा पोलादाच्या पात्यांवर जो लहरींचा जौहर दिसे तो कोणी कोरलेला नसे. मुशीतले पोलाद सावकाश निवते, बेताच्या आचेवर घडवले जाते, आणि त्याच्या अंतर्रचनेतूनच त्या लहरी उमटतात. मला हा सौंदर्याचा सर्वोच्च प्रकार वाटतो. आज ‘दमास्कस’ म्हणून विकले जाणारे सुरे बहुधा दोन जातींचे पोलाद थर लावून जोडलेले असतात. जोड पक्का असेल तर तेही उत्तम, पण काहींवर नुसते आम्लाने नक्षी उठवलेली असते, म्हणून घेण्यापूर्वी थर पात्याच्या पाठीवरही दिसतात की नाही ते पाहावे.

पुढचा सुरा मी गावाबाहेर पाल टाकून उतरलेल्या घिसाडी दांपत्याकडून, समोर बसून घडवून घेतला. मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा निवडताना घिसाड्याने तो ऐरणीवर टाकून नाद ऐकला, कारण वापरलेल्या पाट्यात न दिसणारा तडा असू शकतो. बाई घण मारीत होत्या आणि तो सांडशीत पाते फिरवीत होता. मुठीकडे जाड ठेवून टोकाकडे पातळ होत जाणारा उतार कानशीने नव्हे, घणानेच काढला गेला, आणि त्या उतारातच पात्याचा सगळा डौल आला. लोहचुंबक चिकटेनासा होईतो, म्हणजे साधारण 770 अंशांपर्यंत, तापवून त्याने पाते पाण्यात न घालता कोमट करडईच्या तेलात विझवले, कारण कमानीचे पोलाद पाण्यात तडकण्याची धास्ती असते. मग विटेच्या तुकड्याने एक बाजू उजळून, पाठीकडून पुन्हा हलकी आच देत तो रंग पाहत राहिला: आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. “धारंला पिवळा ऱ्हावा अन् पाठीला निळा, मालक, सगळंच कडक ठेवलं तर तुटतंय,” एवढेच तो बोलला. तो निळा पट्टा मी पुसू दिला नाही. आज तोच त्या सुऱ्याचा अलंकार आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेल्यांना त्यातून सूट आहे, पण खंजिराच्या धाटणीचा साज चढवला की ठाण्यात ती सूट सिद्ध करता करता पुरेवाट होते. सहा इंची पाते रानाला पुरते. सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची मूठ तर, कोणी गळालेले शिंग म्हणून देऊ केली तरी, घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार निषिद्ध आहे. पावसाळ्यात सुरा चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये. चामडे ओल धरते, पाते गंजते आणि पितळ कळकते.

आणि एक विनंती. कारखान्यातल्या अवजारांमुळे घिसाड्याच्या भात्याला काम उरलेले नाही. नक्षीसाठी जी रक्कम तुम्ही बाजूला काढली असेल ती घण मारणाऱ्या आणि पोलाद विझवणाऱ्या या माणसांच्या हाती द्या, आणि तेथे घासाघीस करू नका.