संगणकावरील नकाशा : काय दिसतें व काय झांकलेलें असतें

जमिनीचा नकाशा पाहण्यास पूर्वीं तालुक्याच्या दप्तरखान्यांत जावें लागे. आतां राज्य सरकारच्या महाभूनकाशा ह्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गांव निवडून सर्व्हे नंबर अथवा गटनंबर घातला कीं शेताची आकृति घरबसल्या पडद्यावर येते. इस्रो ह्या संस्थेनें २००९ सालीं भुवन हें स्थळ सुरू केल्यापासून उपग्रहानें टिपलेलीं चित्रेंही पाहतां येतात. सोय मोठी आहे. परंतु शहापूर व मुरबाड तालुक्यांत खरेदी, वांटणी, रस्त्याची तक्रार किंवा भूसंपादन ह्या कामीं अशा नकाशाची छापील प्रत शेतकऱ्यापुढें ठेवली जाऊं लागली असल्यामुळें एक गोष्ट नीट समजून घेणें अवश्य झालें आहे. ती ही कीं, संगणकावरील नकाशांत जें दिसतें तें कोणीतरी निवडून दाखविलेलें असतें. आणि जें दिसत नाहीं तें जमिनीवर नाहींच, असें त्यावरून ठरत नाहीं.

थर म्हणजे काय.— जुन्या दप्तरांत गांवचा नकाशा निराळा, फाळणी नकाशा निराळा व मोजणीचें टिपण निराळें असे. एक दुसऱ्याशीं ताडून पाहावयाचा झाल्यास पारदर्शक कापडावर नक्कल उतरून ती खालच्या नकाशावर ठेवीत. संगणकाची युक्ति हीच आहे. शेतांच्या हद्दी एका पारदर्शक पानावर, ओढेनाले दुसऱ्यावर, रस्ते तिसऱ्यावर, वनाची हद्द चवथ्यावर आणि सर्वांच्या तळीं उपग्रहाचें चित्र, अशी रचना असते. ह्या प्रत्येक पानास थर म्हणतात. क्यूजीआयएस ह्या फुकट मिळणाऱ्या नकाशाच्या प्रणालींत थरांची यादी पडद्याच्या कडेस दिसते व प्रत्येक नांवापुढें एक लहान चौकोन असतो. चौकोनांतील खूण काढली कीं तो थर दिसेनासा होतो. पुन्हा केली कीं परत येतो. मूळ माहितीस त्यानें धक्का लागत नाहीं.

घरांचे व प्लॉटांचे आराखडे काढणारे लोक बहुधा ऑटोकॅड वापरतात. तेथें थर मालविणें व थर गोठविणें अशा दोन रीति आहेत. दोहोंतही रेषा दिसत नाहींत. पण निवडीच्या वेळीं 'सर्व' असा हुकूम देऊन खोडल्यास मालविलेल्या थरावरील रेषा न दिसतांही खोडल्या जातात, गोठविलेल्या मात्र वांचतात. म्हणून आराखडा दुरुस्तीस देतांना मूळ प्रत निराळी राखून ठेवावी.

झांकणें हा दोष नव्हे.— सर्व थर एकदम उघडले तर रेषांची एवढी दाटी होते कीं कांहींच वाचतां येत नाहीं. विहिरीची जागा पाहावयाची असेल तर ओढे, समोच्च रेषा व शेतांच्या हद्दी एवढेंच ठेवावें. वरकस जमिनींत आंबा लावावयाचा असेल तर उतार व गाडीवाट पाहावी, बाकीचें झांकावें. प्रश्न तसा थर, हा नियम. मात्र प्रश्न बदलला कीं थरही बदलले पाहिजेत. आणि येथेंच फसगत होते.

समजा, मुरबाड तालुक्यांतील एखाद्या गांवीं शेत विकावयास निघालें. घेणाराच्या हातीं जी प्रत आहे तींत फक्त गटांच्या हद्दी आहेत. गांव नकाशावर तुटक दुबार रेषेनें गाडीमार्ग व तुटक एकेरी रेषेनें पायमार्ग दाखविण्याची वहिवाट आहे. पण रस्त्यांचा थर न उघडल्यामुळें ती रेषा प्रतीवर आलीच नाहीं. नवा मालक कुंपण घालतो आणि पलीकडच्या चार खातेदारांचा भाताचा भारा अडतो. अशा वेळीं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वयें तहसीलदारांकडे दाद मागतां येते; परंतु अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आंत. ज्यानें पडद्यावर वाट दिसत नाहीं म्हणून स्वस्थ बसण्याचें ठरविलें, त्याची मुदत निघून जाते.

प्रमाणाचा परिणाम.— कांहीं गोष्टी कोणी न झांकतां आपोआप लपतात. नकाशा लहान केला, म्हणजे पडद्यावर अधिक मुलूख आणला, कीं बारीक रेषा गाळण्याची तजवीज प्रणालींत करून ठेवतां येते. ह्याचें कारण हिशेबानें कळेल. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. ही बाजू सुमारें १० मीटर भरते. दहा हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील १० मीटर. अर्थात् त्यावर १ मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर ती रेघच गुंठ्याच्या रुंदीएवढी जमीन झांकते, आणि ८ फूट रुंदीची पायवाट पाव मिलिमीटरांत बसवावी लागते. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणांत तर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. अशा नकाशावरून बांधाचा वाद बोलणें व्यर्थ होय.

चाळणी.— थर सबंध न झांकतां त्यांतील कांहींच शेतें दाखविण्याचीही सोय आहे. तिला चाळणी म्हणूं. 'एक एकराहून मोठीं शेतें दाखव' असा हुकूम दिला कीं लहान तुकडे पडद्यावरून गळतात. आणि त्या स्थितींत क्षेत्राची बेरीज मागितली तर ती उरलेल्या शेतांचीच मिळते. आणखी एक बारकावा आहे. 'ज्यांच्या रकान्यांत वन असें लिहिलेलें नाहीं तीं शेतें दाखव' असें सांगितलें, तर ज्यांचा रकाना अगदीं कोरा आहे तीं शेतें त्यांत येत नाहींत. 'वन लिहिलेलीं दाखव' म्हटलें तरीही तीं येत नाहींत. दोन्ही चाळण्यांतून गळलेलें शेत जमिनीवर मात्र जेथल्या तेथें असतें.

वनाची गोष्ट आमच्या भागांत विशेष महत्त्वाची आहे. महाराष्ट्र खाजगी वनें (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलांत आला व त्यासंबंधीच्या नोंदी ठाणें जिल्ह्यांत पुष्कळ सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत आहेत. नकाशावर हिरवा थर दिसला नाहीं म्हणून शेत ह्या कायद्यांतून मोकळें आहे असें समजूं नये. दिसला म्हणून तें गेलेंच असेंही समजूं नये. ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदरेज आणि बॉइस ह्यांच्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) ची नोटीस नुसती निघून भागत नाहीं, ती मालकास बजावलेली असली पाहिजे. नोटीस बजावली कीं नाहीं हें हिरवा रंग सांगत नाहीं. तें कागदच सांगतात.

भूसंपादन.— समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. तो शहापूर तालुक्यांतून जातो. अशा कोणत्याही रस्त्याच्या आखणीचा नकाशा मुख्यतः मार्ग व गटांच्या हद्दी दाखवितो. विहीर, आंब्याचीं झाडें, घर, पाण्याचा नळ हीं त्यावर असतीलच असें नाहीं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत जमिनीस संलग्न झाडें, विहिरी व इमारती ह्यांचें मूल्य धरण्याची तरतूद आहे. म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशीं मालकानें स्वतः शेतावर हजर राहून प्रत्येक वस्तु पत्रकांत लिहवून घ्यावी.

सारांश, कोणीही नकाशाची प्रत पुढें केली असतां पुढील क्रम ठेवावा :—

१. थरांची यादी दाखवावयास सांगावें, सर्व थर एकदां उघडून पाहावे व मग नको ते झांकावे.

२. चाळणी लावली आहे काय तें विचारावें. ती उठवून गटांची संख्या व क्षेत्राची बेरीज दोन्ही वेळां पाहावी.

३. प्रतीवर उघडे थर, प्रमाण, उपग्रह-चित्राची तारीख व छापल्याची तारीख लिहून घ्यावी.

४. प्रत सातबारा, फेरफार व गांव नकाशा ह्यांशीं ताडावी. पडद्यावरील हद्दीची रेघ चित्राशीं कांहीं मीटर सरकलेली असूं शकते. तिच्यावरून बांध हलवूं नये. हद्दीचा वाद असल्यास उप अधीक्षक, भूमि अभिलेख ह्यांच्याकडे मोजणीचा अर्ज करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्यावी.

५. शेवटीं ती प्रत हातांत घेऊन, शेजारच्या खातेदारांस बरोबर घेऊन, शेताभोंवतीं एक फेरी घालावी.

ह्या पांच गोष्टींस फार तर एक दिवस लागतो. बांधाचा किंवा वाटेचा दावा एकदां उभा राहिला कीं त्यांत कैक वर्षें जातात, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहेच.