‘डेकोरेट’ : एका घरगुती क्रियापदाचा अर्थ आणि अनुवाद



अनुवाद करताना अपरिचित शब्द आला की आपण कोश उघडतो. परिचित शब्दापाशी मात्र आपण थांबत नाही, आणि चूक बहुधा तेथेच होते. ‘डेकोरेट’ हे इंग्रजी क्रियापद अशा शब्दांपैकी एक आहे. ‘सजवणे’ हा त्याचा प्रतिशब्द आपण शाळेपासून जाणतो. आता पुढील वाक्य वाचा : ‘वुई आर डेकोरेटिंग द बॅक बेडरूम धिस वीकेंड.’

‘या शनिवार-रविवारी आम्ही मागची खोली सजवणार आहोत’ असे भाषांतर तुम्ही केले असेल, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर तोरणे आणि फुलांच्या माळा उभ्या राहतील. ब्रिटिश कुटुंबात हे वाक्य उच्चारणारा मनुष्य प्रत्यक्षात जुना वॉलपेपर खरवडत असतो, भिंतीच्या भेगा भरत असतो, सामानावर चादरी टाकून रंगाचा डबा उघडत असतो. ब्रिटिश इंग्रजीत घराच्या संदर्भात ‘डेकोरेट’ म्हणजे भिंती रंगवणे किंवा त्यांना वॉलपेपर लावणे. क्रियापद कर्माशिवायही येते. ‘वुई आर डेकोरेटिंग’ एवढेच कोणी म्हटले, तर मराठीत ‘घराचे रंगकाम काढले आहे’ हे सर्वांत स्वाभाविक ठरेल. अमेरिकन इंग्रजीत मात्र पडदे, फर्निचर, दिवे यांची निवड व मांडणीही या शब्दात सामावते. तेथे रंगकामासाठी ‘पेंट’ हेच क्रियापद अधिक वापरले जाते.

आपला गोंधळ वाढवणारे आणखी एक कारण आहे. आपल्या गावांत ‘डेकोरेटर्स’ अशी पाटी दिसली की मंडप, खुर्च्या आणि विद्युत रोषणाई भाड्याने मिळणार हे आपण ओळखतो. इंग्लंडमधील ‘पेंटर अँड डेकोरेटर’ मांडव घालत नाही. तो रंगारी असतो.

मग अर्थ ओळखायचा कसा? कर्माकडे पाहा. केक किंवा नाताळचे झाड हे कर्म असेल तर ‘सजवणे’ योग्यच. खोली हे कर्म असेल आणि पुढे ‘विथ बलून्स’ असे काही जोडलेले असेल, तरीही ‘सजवणे’ चालेल. खोली एकटीच असेल तर रंगकामाचा संशय घ्यावा. आणि कर्म सैनिक असेल तर? ‘ही वॉज डेकोरेटेड फॉर ब्रेव्हरी’ म्हणजे त्याला शौर्यपदक देऊन गौरवण्यात आले. ज्या लॅटिन शब्दापासून हे क्रियापद आले, त्यात शोभा आणि सन्मान हे दोन्ही अर्थ होते. मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. आपला ‘विभूषित’ हा शब्दही अलंकाराला आणि पदवीला सारखाच लागतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. लंडनमध्ये भाड्याने राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबासाठी तुम्ही भाडेकराराचा अनुवाद करीत आहात, अशी कल्पना करा. करारात अट आहे की घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने घर ‘डेकोरेट’ करू नये. तुम्ही ‘सजवू नये’ असे लिहिले, तर ते कुटुंब दिवाळीचा आकाशकंदील लावतानाही कचरेल आणि दिवाणखान्याची भिंत मात्र बेधडक निळी करील. घर सोडताना ती भिंत पूर्ववत करण्याचा खर्च अनामत रकमेतून मागितला जाऊ शकतो. तसेच ‘रिपेअर’ आणि ‘डेकोरेट’ यांची गल्लत करू नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यानुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यात इमारतीचा सांगाडा व बाह्यभाग यांची दुरुस्ती घरमालकाकडे असते. नित्याचे अंतर्गत रंगकाम या दुरुस्तीत सहसा धरले जात नाही. अनुवादात दोन्हींसाठी ‘डागडुजी’ लिहिली, तर कोणी काय करायचे हेच पुसले जाते.

आता रचनेतील एक सूक्ष्म भेद. ‘वुई डेकोरेटेड द हॉल’ म्हणजे काम स्वतः केले. ‘वुई हॅड द हॉल डेकोरेटेड’ म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतले. (येथे ‘हॉल’ म्हणजे दारातून आत शिरताच लागणारी बोळवजा जागा, आपला बैठकीचा हॉल नव्हे.) मराठीत रंगाऱ्याने काम केले तरी आपण ‘घर रंगवले’ असे सहज म्हणतो. त्यामुळे दुसऱ्या वाक्यासाठी ‘रंगवून घेतला’ हे संयुक्त क्रियापद आठवणीने वापरावे लागते. उलट मराठीतून इंग्रजीत जाताना, काम कोणी केले हे मूळ लेखकाला किंवा संदर्भाला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.

स्वयं-अध्ययन : पुढील वाक्यांचा मराठी अनुवाद करा आणि प्रत्येक ठिकाणी क्रियापद का बदलले ते एका ओळीत लिहा.
१. शी डेकोरेटेड द केक विथ चेरीज.
२. द फ्लॅट नीड्स डेकोरेटिंग.
३. वुई आर हॅविंग द किचन डेकोरेटेड.
४. ही इज अ डेकोरेटेड ऑफिसर.