मेडिकलवाल्याला किती कळत होतं?

प्रश्न : कोरोनाच्या दिवसांत दवाखाने बंद, डॉक्टर फोन उचलत नव्हते. तेव्हा आम्ही ताप-खोकल्यासाठी मेडिकलमध्येच विचारायचो. त्या माणसाला या आजाराबद्दल खरंच किती कळत होतं? आणि हे कुणी तपासतं का?
— एक वाचक, सेक्टर ६, भिलाई

उत्तर : तपासतात. महामारीच्या काळात अनेक देशांत फार्मासिस्टांना प्रश्नावल्या दिल्या गेल्या. त्यांत तीन गोष्टी विचारतात : तुम्हाला काय माहीत आहे, तुम्हाला काय वाटतं आणि तुम्ही काय करता. अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे. ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देता का?’ असं विचारल्यावर कागदावर ‘हो’ लिहिणारे थोडेच!

म्हणून खरा चेहरा पाहायचा तर दुकानात गिऱ्हाईक बनून जावं लागतं. आपल्याकडे कोरोनाच्या आधी, २०१४-१५ मध्ये, हे झालं आहे. मुंबई, दिल्ली आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत संशोधकांनी शिकवून तयार केलेले ‘रुग्ण’ पाठवले. काहींनी फक्त क्षयाची लक्षणं सांगितली, काहींनी थुंकीत क्षयाचे जंतू सापडल्याचा अहवालच दाखवला. नुसती लक्षणं ऐकून अँटिबायोटिक वा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणारे निघाले १३ टक्के. अहवाल दिसल्यावर तेच प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं. आणि क्षयाची मुख्य औषधं एकाही दुकानाने परस्पर दिली नाहीत.

मला या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आजाराचं नाव समोर असलं की बहुतेक दुकानदार हात आखडता घेतात. नुसता खोकला सांगितला, की ‘काहीतरी दे’ या आग्रहापुढे अनेकजण नमतात.

कोरोनात तर नाव माहीत असूनही उपचार कुणालाच माहीत नव्हता. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि बाधितांच्या घरच्या माणसांसाठी प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं. लोकांची झुंबड उडाली, तसं २६ मार्चला केंद्राने त्याच्या विक्रीला औषध नियमावलीतल्या ‘एच-१’ परिशिष्टाचे नियम लावले : डॉक्टरची चिठ्ठी हवी, रुग्णाचं नाव वहीत हवं, वही तीन वर्षं जपायची. जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की रुग्णालयातल्या रुग्णांना या गोळीचा फायदा नाही. त्याच महिन्यात त्याच चाचणीतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जीव वाचवतं हे कळलं, पण ऑक्सिजन लागणाऱ्यांचा. घरी साधा ताप असलेल्याला त्याचा उपयोग नव्हता. इतकी बारीक गोष्ट काउंटरवर गर्दीत कशी पोचणार?

अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची गोष्ट मात्र मला जास्त खटकते. सौम्य कोरोनात अँटिबायोटिक नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. तरी जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात अझिथ्रोमायसिनचे सुमारे ३.८ कोटी डोस जास्तीचे विकले गेले, असा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. सगळा दोष दुकानदारांचा नाही. डॉक्टरही ते लिहून देत होते आणि आपण नाव घेऊन मागत होतो. शिवाय हे औषध ‘एच’ परिशिष्टात आहे. चिठ्ठी लागते, पण ‘एच-१’सारखी वेगळी वही ठेवावी लागत नाही. मागे माग राहत नसेल, तिथे नियम सैल पडतो.

आणखी एक. ‘मेडिकलवाला’ म्हणजे नक्की कोण? १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. काउंटरवर पुष्कळदा मदतनीस मुलगा उभा असतो. त्याला काय कळतं, हा प्रश्न वेगळाच.

एवढं असूनही, टाळेबंदीत रोज शेकडो आजारी माणसांना तोंड देत दुकान उघडं ठेवणारी ही माणसं होती, हे मी कमी लेखणार नाही. त्यांचं ज्ञान आपल्या उपयोगी पडावं, तर आपणही मागण्याची रीत बदलायला हवी. पुढच्या वेळी गोळीचं नाव सांगू नका. फार्मासिस्ट कोण ते विचारा. ताप किती दिवस आहे, आधीची कोणती औषधं चालू आहेत ते त्यांना सांगा आणि ‘डॉक्टरकडे जा’ म्हणाले, तर जा.