फोटो साक्षीदार होऊ शकतो काय?



तोराच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे देवारीमच्या १९ व्या अध्यायात, साक्षीचा एक नियम दिला आहे. एकट्या माणसाच्या शब्दावरून कोणासही दोषी ठरवू नये. दोन किंवा तीन साक्षीदार असावेत. दहा आज्ञांतील नववी आज्ञाही खोट्या साक्षीविषयीच आहे. आज फोटो काढण्याची रीत पार पालटली आहे. म्हणून या नियमाच्या प्रकाशात आम्ही एक प्रश्न विचारतो: फोटोला साक्षीदार मानावे काय? त्यासाठी जर्मनीतील तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट वेट्झलार या गावची. तेथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बर्नाक हे काम करीत. सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक छोटा कॅमेरा त्यांनी १९१४ च्या सुमारास बनविला. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात तो 'लायका' या नावाने लोकांपुढे आला. मोठी पेटी आणि काचेच्या प्लेटी वागविण्याचे ओझे त्यामुळे कमी झाले. बातमीदार गर्दीत शिरून फोटो काढू लागले. फोटोत दिसते म्हणजे ते घडलेच, अशी लोकांची समजूत पक्की झाली. याच कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी नाझी राजवटीत आपल्या यहुदी कामगारांना परदेशी धाडून वाचविले, हेही येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट लिली याकोब या मुलीची. त्या वेळी हंगेरीच्या ताब्यात असलेल्या बिल्के गावाहून १९४४ साली तिला कुटुंबासह ऑशविट्झला नेण्यात आले. पुढे तिला जर्मनीतील डोरा छावणीत पाठविले. १९४५ च्या एप्रिलमध्ये सुटका झाली तेव्हा ती आजारी होती. नाझी पहारेकऱ्यांनी सोडून दिलेल्या एका बराकीत तिला फोटोंचा एक आल्बम सापडला. तिने तो उघडला, तर आत तिच्याच गावचे रब्बी, तिचे नातलग, तिचे दोन धाकटे भाऊ आणि ती स्वतः! तिची गाडी ऑशविट्झला पोहोचली त्या सुमारास नाझींनीच काढलेले हे फोटो होते. आल्बमवर शीर्षक होते, हंगेरीतील यहुद्यांचे स्थलांतर.

वाचकहो, येथे जरा थांबू या. फोटो खरे होते, पण त्यांवरचे शब्द खोटे होते. ते स्थलांतर नव्हते. त्यांतील बहुतेकांची वाट मृत्यूकडे जात होती. हे कॅमेऱ्याने सांगितले नाही, लिलीने सांगितले. फ्रँकफुर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात ऑशविट्झच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा ती आल्बम घेऊन न्यायालयात उभी राहिली. फोटो हा एक साक्षीदार झाला आणि ती दुसरी. १९८० साली तिने तो आल्बम जेरुसलेमच्या याद वाशेमला दिला.

तिसरी गोष्ट अलीकडची. बर्लिनचे कलावंत बोरिस एल्डागसेन यांच्या एका चित्राला २०२३ साली सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत एका विभागाचा पुरस्कार मिळाला. त्यांनी तो नाकारला. ते चित्र कॅमेऱ्याने काढलेलेच नव्हते; कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविले होते. चित्रातल्या त्या दोन स्त्रिया कधी जन्मल्याच नव्हत्या! त्याच वर्षी लायकाने असा कॅमेरा आणला, की जो फोटोबरोबरच तो कोणत्या यंत्राने व केव्हा काढला याची नोंद ठेवतो, आणि मागाहून फेरफार केल्यास ते कळू शकते.

अशी मोहोर उपयोगी आहे यात शंका नाही. पण फोटोतला मुलगा कोणाचा भाऊ, हे ती मोहोर सांगू शकत नाही. आमच्या मते फोटोग्राफीचे भविष्य यंत्रावर जितके अवलंबून आहे, तितकेच फोटोशेजारी उभे राहून खरे बोलणाऱ्या माणसावरही आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. कोकणातून आणि मुंबईहून येताना आपल्या वडीलधाऱ्यांनी ट्रंकेत लग्नाचे आणि घरच्या मंडळींचे फोटो आणले. त्यांतील कित्येकांच्या पाठी कोऱ्या आहेत. आपले आडनाव गाव सांगते, पण चेहऱ्याचे नाव सांगत नाही. ते आजीला ठाऊक आहे, आणि आजी कायम राहणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी: शाब्बाथ संपल्यावर, दिवा लावून झाला, की घरातील वडीलधाऱ्यांजवळ आल्बम घेऊन बसा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, प्रत्येक फोटोमागे नाव, गाव आणि साल लिहा. शाईचा डाग उमटतो. नक्की ठाऊक नसेल तेथे अंदाजाने नाव घालू नका, कारण तीही खोटी साक्षच होय. फोनमधील फोटोंनाही हाच नियम लावा, आणि नाव सांगणाऱ्याचा आवाज त्याच फोनवर घेऊन ठेवा.

फोटो हा एक साक्षीदार आहे. दुसरा आपण व्हायचे आहे.