विमानांच्या देखभालीचे कंत्राटीकरण व मेकॅनिकांचे वेतन

विमानाने प्रवास करणाऱ्यास वैमानिक दिसतो, हवाई सेविका दिसते. परंतु विमान उड्डाणास योग्य आहे असे सहीनिशी सांगणारा मेकॅनिक सहसा दिसत नाही. गेल्या अर्धशतकात अमेरिकेत या कारागिराच्या नोकरीचे स्वरूप पुष्कळ पालटले. विमान कंपन्यांनी आपल्या विमानांची देखभाल स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून काढून बाहेरच्या कंत्राटदारांकडे सोपविली आणि त्याचा परिणाम मेकॅनिकांच्या वेतनावर झाला. हा उद्योग आता आपल्या देशातही वाढत आहे. म्हणून अमेरिकेतील अनुभव आपल्याकडील पालक, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

देखभालीचे दोन प्रकार

एस.टी.च्या गाडीची रोजची तपासणी आगारात होते. गाडी पुरती खोलण्याचे मोठे काम मात्र मध्यवर्ती कार्यशाळेत होते. विमानांच्या बाबतीतही साधारण तसेच आहे. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत किंवा रात्री मुक्कामी करावयाची तपासणी विमान जेथे उतरते तेथेच करावी लागते. मोठी तपासणी मात्र दीड-दोन वर्षांनी, आणि त्याहून सखोल तपासणी साधारणतः सहा ते दहा वर्षांनी येते. त्या वेळी विमान हँगरमध्ये आणून आतील आसने व आवरणे काढतात आणि गंज व भेगा शोधतात. या कामास अनेक आठवडे व हजारो श्रमतास लागतात.

पहिले काम विमानतळाला बांधलेले असते. दुसरे कोठेही नेता येते. रेल्वेचे इंजिन रुळांवाचून जात नाही, कारखान्यातील यंत्र हलविणे खर्चाचे असते. विमान मात्र जेथे मजुरी स्वस्त तेथे स्वतःच उडत जाते. पुढील सर्व घडामोडींचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

नियंत्रण उठल्यानंतर

१९७८ पर्यंत अमेरिकेत विमानभाडे व मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे खर्च विचारात घेऊन ठरत असल्याने वेतनवाढीचा भार भाड्यात सामावून घेता येई. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात विमानवाहतुकीवरील नियंत्रण उठविणारा कायदा झाला. स्वस्त भाड्याच्या कंपन्या पुढे आल्या, चढाओढ वाढली आणि प्रत्येक कंपनी खर्च कोठे कमी होईल हे पाहू लागली. इंधनाचा दर कंपनीच्या हाती नव्हता. वेतनाचा खर्च काही अंशी होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले आणि काही मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. त्या कायद्यान्वये न्यायालयाच्या अनुमतीने कामगार संघटनेशी झालेला करारही रद्द करता येतो. त्यामुळे वाटाघाटीत कंपनीची बाजू बळकट झाली.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी नऊ मोठ्या कंपन्यांची पाहणी केली. या कंपन्यांच्या मोठ्या तपासण्यांपैकी बाहेर करविलेल्या तपासण्यांचे प्रमाण २००३ साली ३४ टक्के होते. २००७ साली ते ७१ टक्के झाले. कामे अमेरिकेतीलच खाजगी दुरुस्ती केंद्रांकडे गेली, तशीच एल साल्वादोर, चीन इत्यादी देशांतही गेली.

दोन उदाहरणे

इंडियानापोलिस शहरात युनायटेड कंपनीसाठी एक विशाल देखभाल केंद्र उभारले गेले. रोजगार मिळावा म्हणून राज्य व स्थानिक शासनांनी त्यात ३० कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक निधी घातला. डिसेंबर २००२ मध्ये युनायटेडने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००३ मध्ये हे केंद्र बंद केले. पुढील वर्षी त्याच इमारतीच्या काही भागात एका कंत्राटी दुरुस्ती कंपनीचे काम सुरू झाले. हँगर तेच होते, कामही त्याच जातीचे होते. वेतन मात्र युनायटेडच्या मानाने बरेच कमी होते.

दुसरे उदाहरण नॉर्थवेस्ट कंपनीचे. २००५ साली या कंपनीने सुमारे २,००० जागा कमी करणे व उरलेल्यांच्या वेतनात सुमारे २५ टक्के कपात करणे अशा मागण्या मांडल्या. २० ऑगस्ट २००५ पासून सुमारे ४,४०० मेकॅनिक व सफाई कर्मचारी संपावर गेले. कंपनीने आधीच बदली कामगार व बाहेरची कंत्राटे तयार ठेवली होती. वैमानिकांच्या व इतर कर्मचाऱ्यांच्या संघटना संपात उतरल्या नाहीत. विमाने उडत राहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये संप मिटला तेव्हा बहुतेक संपकऱ्यांच्या जागा गेलेल्या होत्या.

वेतन का घसरते

मेकॅनिकाचे कौशल्य या काळात कमी झाले नव्हते. विमाने तर अधिक गुंतागुंतीची झाली होती. तरीही वेतन घसरले, याची तीन कारणे दिसतात. पहिले, काम हलविता येते असे दिसले की ते हलविण्याची नुसती शक्यताही वाटाघाटीत कामगारास मागे रेटते. म्हणून ज्यांची नोकरी टिकली त्यांचेही वेतन खाली आले. दुसरे, अमेरिकन नियमांनुसार दुरुस्ती केंद्रात प्रत्येक कामगाराजवळ शासकीय प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली इतरांनी काम करावे, अशी मुभा आहे. तिसरे, कंत्राटी केंद्रात काम हंगामाप्रमाणे येते. त्यामुळे काही कामगार तात्पुरते घेतले जातात, आणि निवृत्तिवेतन व सेवाज्येष्ठता यांचा लाभ त्यांना सहसा मिळत नाही.

जबाबदारी कोणाची

काम कंत्राटाने दिले तरी विमान सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायद्याने विमान कंपनीकडेच राहते. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट येथे एक लहान प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. दोनच दिवसांपूर्वी कंत्राटी केंद्रात शेपटीकडील नियंत्रक तारा चुकीच्या जुळविल्या गेल्या होत्या; विमानाचा भारही मागील बाजूस मर्यादेपलीकडे गेला होता. चौकशीत कंपनीच्या व शासकीय यंत्रणेच्या देखरेखीतील उणिवांवर बोट ठेवण्यात आले. एका अपघातावरून सर्व कंत्राटी कामास दोष देणे योग्य नव्हे. अनेक केंद्रे उत्तम काम करतात. पण काम जितके दूर जाते, तितका तपासणीवरील खर्च वाढवावा लागतो. वेतनातील बचत मोजताना हा खर्च वजा करावयास हवा.

सर्वत्र असेच घडले काय

नाही. अमेरिकन एअरलाइन्सने टल्सा येथील आपले मोठे केंद्र चालू ठेवले, आणि २०२० च्या करारात तेथील संघटनांनी बाहेर द्यावयाच्या कामाबाबत संरक्षण मिळविले. साउथवेस्टच्या मेकॅनिकांना दीर्घ वाटाघाटींनंतर २०१९ साली सुमारे २० टक्के वेतनवाढ मिळाली. अनुभवी माणसांची टंचाई भासू लागली तसे कारागिराचे मोल पुन्हा वाढले. म्हणजे वेतन केवळ बाजाराने ठरत नाही. किती काम बाहेर जाऊ शकेल याविषयी करारात काय लिहिले आहे, यावरही ते ठरते.

आपल्यासाठी बोध

भारतीय कंपन्याही आपली बरीच मोठी कामे परदेशी पाठवीत आल्या आहेत. ती देशात व्हावीत यासाठी शासनाने एप्रिल २०२० पासून या सेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. नागपूर व हैदराबाद येथे मोठी देखभाल केंद्रे आहेत. दुसऱ्या देशातून सुटलेले काम आपल्याकडे येणे हे स्वागतार्ह आहे. परंतु स्वस्त मजुरीच्या आधारावर आलेले काम आणखी स्वस्त ठिकाण सापडताच पुढे जाऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अभियंता परवाना व साधी तंत्रज्ञाची नोकरी यांतील फरक समजावून सांगावा. परवानाधारकाच्या सहीला कायद्याचे वजन असते. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही, हे पालकांनी पाहावे. नोकरी स्वीकारताना नेमणूकपत्र विमान कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे, मुदत किती, भविष्यनिर्वाह निधी व विमा आहे काय, हे उमेदवाराने वाचून घ्यावे. उद्योगास जमीन अगर सवलती देणाऱ्या अधिकाऱ्यांनी इंडियानापोलिसचे उदाहरण समोर ठेवून रोजगाराची संख्या, मुदत व अटी करारात स्पष्ट लिहवून घ्याव्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही, याची वर्षातून एकदा तरी पाहणी करावी.