भिंतीपासून सुरुवात

विंडोजच्या कॉम्प्युटरमधून यूएसबीची वस्तू काढली की दोन सुरांचा आवाज येतो, उतरता. लावली की तोच चढता. २०२२ च्या उन्हाळ्यात मी काही काढतही नव्हते आणि लावतही नव्हते, तरी तो उतरता आवाज दिवसातून दहा-बारा वेळा ऐकू यायचा. माउसचा बाण जागीच थिजायचा, दोनेक सेकंदांनी पुन्हा हलायला लागायचा आणि पडद्यावर पाटी यायची: डोंगल सापडत नाही.

मी कऱ्हाडला घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं. मराठी टायपिंगच्या माझ्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण ती यूएसबीत नसली की सगळं काम बंद. त्यामुळे पहिला संशय तिच्यावरच गेला. डोंगल तपासायला पाठवला, आठ दिवस काम अडलं आणि तो धडधाकट आहे असा निरोप घेऊन परत आला. मग माउस नवा घेतला. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं; व्हायरस असेल म्हणून त्याने विंडोज नव्याने टाकून दिलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी तोच आवाज.

यानंतर मी जे केलं ते दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हे लिहिते आहे. पोर्ट खराब झाले असतील असं समजून मी एक स्वस्तातला यूएसबी हब आणला, मागच्या एकाच पोर्टला लावला आणि कीबोर्ड, डोंगल, प्रिंटर, पोर्टेबल हार्ड डिस्क असं सगळं त्याच्यावर टाकलं. यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो. निळ्या रंगाचा यूएसबी ३ चा असेल तर ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब त्या ५०० मधले थोडे स्वतः खातो आणि नियमाप्रमाणे प्रत्येक तोंडाला १०० उरतात. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागताना याच्या कितीतरी पट करंट मागते. हे मला तेव्हा माहीत असतं, तर डिस्क त्या हबवर कधीच गेली नसती.

त्याच संध्याकाळी डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला, घड्याळासारखा नियमित. मी केबल काढून पुन्हा लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शेवटी विंडोजने विचारलं, या ड्राइव्हमध्ये बिघाड दिसतो, तपासून दुरुस्त करू का? मी हो म्हटलं. तासाभराने डिस्क उघडली तेव्हा नऊ वर्षांच्या कामातली निम्मी फोल्डर गायब होती आणि ‘फाउंड डॉट ०००’ नावाचं एक नवंच फोल्डर उगवलं होतं. आत फाइल ००००, फाइल ०००१, फाइल ०००२ अशा चारशेच्या वर फायली, सगळ्यांच्या शेवटी सीएचके. कुठली कशाची, कळायला मार्ग नाही.

त्यात एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक होतं. पाटण खोऱ्यातल्या जात्यावरच्या ओव्या. गुरुजींनी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसून त्या वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. २१२ पानं लावून झाली होती. वह्या शाबूत आहेत, पण शेवटच्या आजारपणात गुरुजी माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि एकेक शब्द दुरुस्त करून घ्यायचे. ‘इथे माउली नको, ती बाई माउले म्हणायची.’ या दुरुस्त्या कुठल्याच वहीत नव्हत्या, फक्त त्या फायलीत होत्या. गुरुजी मार्चमध्ये गेले, डिस्क मे महिन्यात.

आमच्या आळीत अण्णा राहतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला. ते आले ते कॉम्प्युटरकडे न बघता थेट भिंतीकडे गेले आणि विचारलं, ‘‘पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात का गं?’’

येत होत्या. कॅबिनेटच्या मागच्या, रंग नसलेल्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू टेकली की मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं होत होतं. कॉम्प्युटरला असतंच तसं, म्हणून मी सोडून दिलं होतं.

अण्णांनी मेन बंद करून बोर्ड खोलला. थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाची हिरवी वायर इंचभर लोंबकळत होती आणि तिच्या टोकाला नीट काळी टेप गुंडाळलेली होती. म्हणजे कुणीतरी ती जाणूनबुजून तशी सोडली होती. जुन्या घराला दोनच वायरी. सॉकेट बदलून तीन पिनांचं केलं, अर्थिंग मात्र कुठेच नाही. कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वीज शिरते तिथे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट जमिनीत उतरतो. नसेल तर अख्खा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण यूएसबीच्या केबलचं धातूचं आवरण त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. प्रिंटर दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डाला लावला असेल तर दोन्हीकडचा फरक त्या केबलीतूनच वाट काढतो आणि पोर्ट हळूहळू मारतो. माझा प्रिंटर दुसऱ्याच भिंतीवर होता. एकमेकांना जोडलेली सगळी यंत्रं एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर हवीत. आणि अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या. सॉकेटला तीन भोकं दिसतात यावर जाऊ नका.

‘‘करंट ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेनं आपण चालायचं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘भिंत, प्लग, एसएमपीएस, मदरबोर्ड, मग पोर्ट, मग केबल, मग ती वस्तू. तू उलटी चाललीस.’’

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी माझी दोन महिन्यांची गत होती, हे त्या एका वाक्यात मला कळलं. डोंगल, माउस, विंडोज, हब यांवर गेलेला सगळा पैसा वाटेच्या शेवटच्या टोकावर गेला होता.

कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून त्यांनी एसएमपीएसच्या मोकळ्या चार वायरींच्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटरच्या सुया घातल्या. काळी वायर शून्याची, लाल ५ व्होल्टची, पिवळी १२ ची. यात पाच टक्क्यांची सूट असते: ५ चे ४.७५ ते ५.२५, १२ चे ११.४ ते १२.६. कॉम्प्युटर नुसता चालू होता तेव्हा लाल वायरीवर ४.९३ दिसत होते. हे बघून कुणीही एसएमपीएस चांगला आहे असं म्हटलं असतं. अण्णांनी मला नेहमीचं काम सुरू करायला सांगितलं. फोटोंनी भरलेली स्मरणिकेची फाइल उघडली, पेन ड्राइव्हवर कॉपी लावली, आणि आकडा उतरत ४.६२ वर आला. त्याच क्षणी तो दोन सुरांचा आवाज. मोजमाप कायम भार टाकून घ्यावं, ही गोष्ट दुरुस्तीवाल्यांनाही आवर्जून सांगायला हवी असं मला वाटतं.

मग अण्णांनी टॉर्च मागितली आणि एसएमपीएसच्या पंख्याच्या जाळीतून आत उजेड टाकला. उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर दिसले. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. दोन-तीन डोकी टम्म फुगलेली होती आणि एकावर चहाच्या डागासारखं तपकिरी सुकलेलं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं, वर कऱ्हाडचा एप्रिल-मे; उष्णतेने कपॅसिटर असेच लवकर जातात. इथेही एक कळकळीची सूचना: जाळीतून बघा, पण एसएमपीएस खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे टिकून राहतात. अण्णांसारखा माणूससुद्धा म्हणाला, नवाच घे.

घेताना मी लेबल वाचलं. मोठ्या अक्षरातल्या वॅटपेक्षा कुठल्या व्होल्टला किती अँपिअर, हा खालचा बारीक तक्ता महत्त्वाचा.

बसवण्याआधी प्लग काढून पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं, राहिलेला करंट निघून जावा म्हणून. शट डाउन केल्यावरही माउसचा लाल दिवा चालू दिसतो ना? बंद कॉम्प्युटरमध्येही एसएमपीएसची ५ व्होल्टची एक लाइन जिवंत असते, तिचा तो दिवा. आत हात घालायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद हवंच.

अर्थिंग ओढून घेतलं, एसएमपीएस बदलला, आणि आवाज थांबला. डोंगल तोच, मदरबोर्डही तोच. एवढं करूनही एखाद्याचा माउस किंवा प्रिंटर मधेच झोपत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघावं. ती सेटिंग वीज वाचवायला पोर्ट झोपवते. पोर्टेबल डिस्क मागच्या पोर्टलाच लावावी, ते थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरीने जोडलेले असतात आणि तिच्यात व्होल्टेज पडतं. हब लागणारच असेल तर स्वतःच्या अडॅप्टरचा घ्या.

आणि डिस्क टक् टक् करू लागली तर हात आवरा. मला हे सांगायला कुणी नव्हतं. काढ-घाल करू नका, दुरुस्त करू का या प्रश्नाला हो म्हणू नका. ती दुरुस्ती डिस्कवरच लिहिते आणि जे वाचवता आलं असतं त्याचीही उलथापालथ करते. चांगल्या कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला, आखूड केबलने, एकदाच लावा. दिसली तर सगळ्यात मोलाची फाइल आधी उचला. नाही दिसली तर बंद करून डेटा काढणाऱ्याकडे न्या.

गुरुजींच्या मुलाला मी फोनवर न सांगता घरी जाऊन सगळं सांगितलं. त्याने आतून वह्यांचं गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. मी पुन्हा पहिल्या ओवीपासून टाइप करते आहे, रोज रात्री जेवणानंतर, आणि प्रत्येक पान संपलं की दोन वेगळ्या डिस्कवर जातं. दुरुस्त्यांपैकी ज्या मला नक्की आठवतात तेवढ्याच घातल्या आहेत. बाकी ठिकाणी वहीत आहे तसंच ठेवायचं, असं मुलाने सांगितलं आहे. सध्या चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे.